'स्कारफेस' (१९३२): दोन शेवट, उपरा वाटणारा प्रसंग आणि बंदुकीचा बद्द आवाज

रीळवेडा

आमच्या फिल्म सोसायटीत जुन्या गँगस्टरपटांची मालिका चालू आहे. पुढचा चित्रपट हॉवर्ड हॉक्सचा 'स्कारफेस', म्हणजे पॉल म्युनीचा, अल पचिनोचा नव्हे. प्रत पाहून ठेवली, तर काही गोष्टी खटकल्या.

डिस्कवर मुख्य चित्रपटाबरोबर एक 'पर्यायी शेवट' आहे. त्यात नायकाला फाशी होते, पण त्याचा चेहरा एकदाही दिसत नाही. असं का? दाखवताना कुठला शेवट घ्यावा? दुसरं, मधेच एका वर्तमानपत्राच्या कचेरीतला प्रसंग येतो. तिथे सगळे उभे राहून भाषणं ठोकतात आणि चित्रपटाची लय पार बसते. हा हॉक्सचाच आहे का? तिसरं म्हणजे मशीनगनचा आवाज पत्र्यावर काठी आपटल्यासारखा येतो. प्रत खराब आहे की मुळातच तसा आहे? स्पीकरवर काही करता येईल का?

पडद्यामागे

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच: सेन्सॉर.

चित्रीकरण १९३१ मध्ये झालं. निर्माता हॉवर्ड ह्यूज, पटकथा मुख्यतः बेन हेक्टची, आधार आर्मिटेज ट्रेलच्या कादंबरीचा. हेक्ट शिकागोत पत्रकारी केलेला माणूस. हॉक्सने त्याला सांगितलं, शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याचं घराणं म्हणजे शिकागोत येऊन राहिलेले बोर्जिया (बहीण-भावाच्या नात्यावरून बदनाम झालेलं इटलीतलं जुनं सत्ताधारी घराणं) असं समजून लिहू. नायक टोनी आणि त्याची बहीण चेस्का यांच्यात जे काही धुमसत असतं ते तिथून आलं. हे नातं, गुन्हेगाराचं ऐश्वर्य आणि हाणामारीचं प्रमाण, तिन्हींवर हेज ऑफिसने, म्हणजे हॉलिवूडच्या स्वतःच्या सेन्सॉर कार्यालयाने, बोट ठेवलं.

मग डागडुजी सुरू झाली. नावाला 'राष्ट्राची लाज' असं उपशीर्षक जोडलं. सुरुवातीला सरकारला आणि जनतेला जाब विचारणारी पाटी आली. आणि तो कचेरीतला प्रसंग घातला, जो हॉक्सने दिग्दर्शित केलेला नाही. नीट पाहिलंत तर तुकडा ओळखू येतो. बाकी चित्रपटात माणसं बोलताना काहीतरी करत असतात, नाणं उडवतात, दाढी करून घेतात, खातात. इथे ती ओळीत उभी राहून प्रेक्षकाला ऐकवतात. कॅमेराही हलत नाही.

तेवढ्यानेही भागेना म्हणून दुसरा शेवट चित्रित केला: खटला, न्यायाधीशाचं प्रवचन, फाशीची तयारी. तोवर म्युनी न्यूयॉर्कला रंगभूमीवर परतला होता. त्यामुळे चेहरा टाळून बदली माणसावर काम भागवलं. न्यायाधीश ज्याच्याशी बोलतो तो आरोपी चौकटीत नाहीच, फाशीच्या फळीचा खटका तपासणारे हात मात्र दिसतात. इतकं करूनही न्यूयॉर्कच्या सेन्सॉर मंडळाने आधी नकारच दिला. ह्यूजने मग कोर्टात जायची भाषा केली आणि सेन्सॉर मंडळ नसलेल्या ठिकाणी चित्रपट लावायला सुरुवात केली. न्यू ऑर्लिन्सला मार्च १९३२ च्या अखेरीस, न्यूयॉर्कला मे महिन्यात.

यात ह्यूजची कायदेशीर बाजू लंगडी होती हे लक्षात घ्या. १९१५ च्या म्यूच्युअल खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सिनेमा हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कवच नाही, असं ठरवून टाकलं होतं. ते उलटलं १९५२ मध्ये. उलट वर्तमानपत्रांना जून १९३१ मध्येच त्याच न्यायालयाने पूर्वनियंत्रणापासून संरक्षण दिलं. म्हणजे प्रेताचा फोटो पहिल्या पानावर छापायला हरकत नाही, पण त्याच खुनाची नुसती सावली पडद्यावर दाखवायची तर सहा ठिकाणी परवानगी.

दाखवताना मुख्य प्रतच घ्या. टोनी हात जोडतो, गयावया करतो, मग पळतो आणि गोळ्या खाऊन रस्त्यावर पडतो. कॅमेरा वर 'जग तुमचं आहे' या दिव्यांच्या जाहिरातीवर जातो. फाशीचा शेवट चर्चेच्या वेळी वेगळा लावा. लागोपाठ लावलात तर लोक तो उपसंहार समजतात आणि सगळाच विचका होतो.

ध्वनिपट्टी

आवाजाबद्दल. प्रत खराब नाही, मूळ ध्वनिमुद्रणाचीच ती मर्यादा आहे.

त्या काळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक पद्धतीत आवाज फिल्मवर उतरायचा तो लाइट व्हॉल्व्हमधून. दोन अगदी पातळ धातूच्या फिती, मधे साधारण इंचाच्या हजाराव्या भागाएवढी फट, आणि फटीतून येणारा प्रकाश फिल्मवर. आवाज आला की फिती थरथरतात आणि फट कमीजास्त होते. बंदुकीचा बार इतका मोठा की फिती एकमेकींवर आदळतात. तिथे आवाज फाटतो. म्हणून बार मायक्रोफोनपासून दूर घ्यायचे नाहीतर पातळी आधीच खाली ओढून ठेवायची.

१९३१ च्या सुमाराला त्यात 'नॉइजलेस' मुद्रणाची भर पडली. शांतता असताना फट आपोआप अरुंद करायची म्हणजे खरखर कमी होते. संवादांना वरदानच. पण अचानक बार झाला तर फट रुंदावायला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात बाराचा पहिला 'फट्' कापला जातो. उरतो तो मागचा बोथट भाग. तुम्हाला काठीचा आवाज येतो तो हाच. शिवाय सहा-सात हजार हर्ट्झच्या वर कामाचं फारसं काही त्या पट्टीत नसतं.

तेव्हा ट्रेबल वाढवू नका, फक्त खरखर वर येईल. पातळी संवादांवर लावा, गोळीबारावर नाही. सबवूफर बंद ठेवा. मूळ मोनो आहे, त्यामुळे मधला एकच स्पीकर चालत असेल तर उत्तम. कृत्रिम सराउंड लागलं असेल तर ते आधी काढा, टोनी शिट्टी वाजवतो ते प्रसंग त्याने चिरडतात.

जाता जाता, आपल्याकडे मार्च १९३१ मध्ये 'आलम आरा' मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरला लागला. त्यात टॅनार कंपनीच्या यंत्रावर चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर घेतले होते. हॉलिवूडात दोन्ही वेगळ्या फिल्मवर घेऊन नंतर जुळवत. त्यामुळे गोळीबाराचा आवाज वेगळा घेऊन चिकटवणं त्यांना शक्य होतं. एकाच फिल्मवर असेल तर चित्र कापलं की आवाजही कापला गेला. त्याचं चित्रीकरण झालं त्या ज्योती स्टुडिओजवळून रेल्वे जायची म्हणून रात्री चित्रीकरण करावं लागलं ते वेगळंच.

टोळीवाला

गोळ्या बऱ्याचदा खऱ्या असायच्या हेही सांगा प्रेक्षकांना. टॉमी गनमध्ये, म्हणजे टोळीवाल्यांच्या हातातल्या थॉम्प्सन मशीनगनमध्ये, नुसत्या बारुदाच्या खोट्या गोळ्या घातल्या तर ती एक बार करून थांबते. पुढे जाणाऱ्या गोळीचा अडथळा असतो म्हणून दाब तयार होतो आणि तोच बोल्ट (पुढची गोळी भरणारा सरकता भाग) मागे ढकलतो. गोळीच नसेल तर दाब नळीच्या तोंडातून निघून जातो. त्यावर उपाय म्हणजे नळीच्या तोंडाला बारीक भोकाचं बूच. भोक मोठं झालं तर गन अडते, फार लहान झालं तर दाब वाढून भाग तुटतात. आणि बूच लावून गन चालली तरी भिंतीचा गिलावा काही उडत नाही. मग नेमबाज आणून खऱ्या गोळ्या झाडायच्या. 'पब्लिक एनिमी' या गँगस्टरपटात (१९३१) नायक जेम्स कॅग्नी कोपऱ्यामागे लपतो आणि क्षणात त्या भिंतीच्या चिंधड्या होतात, त्या खऱ्या गोळ्यांनी. 'स्कारफेस'च्या सेटवर तर पाहायला आलेल्या गेलॉर्ड लॉइडचा, म्हणजे हॅरल्ड लॉइडच्या भावाचा, डोळा गेला.

माझ्या मते गँगस्टर म्हणून कॅग्नी म्युनीपेक्षा सरस. म्युनी नाटकातला नट आहे हे इथे सारखं जाणवतं. पण कॅमेऱ्याच्या बाबतीत 'स्कारफेस' कितीतरी पुढे.

रीळवेडा

सर्वांचे आभार. प्रास्ताविकाला दहा मिनिटं आहेत. गोष्ट न फोडता काय दाखवावं? पडदा रुंद आहे, प्रोजेक्टरवर चित्र भरून घ्यावं का?

पडद्यामागे

भरून अजिबात घेऊ नका. चित्र जवळपास चारास तीन आहे, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. झूम केलंत तर वरखाली कापलं जाईल, आणि या चित्रपटात वरच्या कडेलाच माल आहे.

म्हणजे फुल्या. त्या काळी वर्तमानपत्रं गुन्ह्याच्या फोटोत प्रेताच्या जागी फुली मारत. हॉक्सने तीच उचलली आणि जवळपास प्रत्येक खुनाच्या आसपास कुठेतरी पेरली. गॅरेजमधल्या हत्याकांडात (खरी घटना: १४ फेब्रुवारी १९२९, शिकागोतला क्लार्क स्ट्रीट, सात माणसं) कॅमेरा आधी छताच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे आडवेतिडवे आधार, दाखवतो. सात कैच्या, सात फुल्या. मग खाली येतो, तेव्हा भिंतीवर नुसत्या सावल्या. झूम केलेल्या चित्रात अर्ध्या कैच्या गायब होतील. नट बोरिस कार्लोफच्या बोलिंगच्या प्रसंगात फुली गुणपत्रकावर आहे: स्ट्राइक झाला की फुली मारतात, चेंडू सुटतो, बार होतो, शेवटचा पिन गरगरत राहतो आणि पडतो. माणूस पडलेला दाखवतच नाही. टोनीच्या गालावरचा व्रणही फुलीचाच.

दहा मिनिटांत पहिला शॉटच लावा. सुमारे तीन मिनिटं सलग आहे. रस्त्यावरचा दिवा विझतो, कॅमेरा मेजवानी संपलेल्या हॉलमध्ये शिरतो, झाडूवाला कागदी फिती उपसतोय. मालक टेलिफोनपाशी जातो. कॅमेरा त्याला सोडून बाजूला सरकतो, तिथे काचेवर एक सावली शिट्टी वाजवत येते. सूर डोनिझेत्तीच्या 'लुचिया' या ऑपेरामधला. बार, रुमालाने पुसून टाकलेली बंदूक, निघून जाणारी सावली. टोनीचा चेहरा आपण अजून पाहिलेलाच नाही. खुनी कोण हे पुढे ती शिट्टीच सांगते. बोलपट चार-पाच वर्षांचा असताना आवाजाकडून असं काम करून घेतलंय, ते लोकांना आधी सांगून ठेवा. नाहीतर शिट्टी कानाआड जाते.

ध्वनिपट्टी

एक पुरवणी. या पहिल्या शॉटवरच पातळी लावून घ्या. झाडूचा आवाज शेवटच्या रांगेत ऐकू आला पाहिजे. तो आला म्हणजे शिट्टी येईल आणि बार कानठळ्या बसवणार नाही.

टोळीवाला

आणि 'हा चित्रपट आधी कधी पाहायला कसा मिळाला नाही' असं कोणी विचारलं तर: ह्यूजने हक्क स्वतःकडे दाबून ठेवले होते. तो १९७६ मध्ये वारला आणि १९७९ मध्ये युनिव्हर्सलकडून चित्रपट पुन्हा रीतसर बाहेर आला. पचिनोचा १९८३ चा, मधे चारच वर्षं. त्याच्या शेवटी हॉक्स आणि हेक्टला अर्पणपत्रिका आहे.