सिनेमाने रॉक गायक मारला, असे म्हणणाऱ्यांस उत्तर

कृष्णाकाठ: काल येथे एका सदस्याने लिहिले की, चित्रपट-संगीतकार विशाल ददलानींनी सिनेमाच्या पैशापायी स्वतःमधला, 'पेंटाग्राम' बँडचा रॉक गायक मारून टाकला. वाक्य टाळ्यांचे आहे, तारखा मात्र त्याच्या बाजूने नाहीत. बँड १९९४चा, विशाल-शेखर या त्यांच्या संगीतकार जोडीचा पहिला चित्रपट १९९९चा, आणि बँडच्या चार अल्बमांपैकी तीन त्यानंतरचे. ज्या २००७ साली या जोडीच्या संगीताचा 'ओम शांती ओम' गाजत होता त्याच साली बँडचा 'इट्स ओके, इट्स ऑल गुड' आला, आणि २०११ साली तर अल्बमचे नावच 'ब्लडीवुड' ठेवले गेले. मेलेला माणूस एवढा बोलतो का?

विश्रामबाग_गिटार: ते वाक्य माझे आहे आणि ते तसेच राहील. अल्बम मोजून कस कळत नाही. गणेशोत्सवात आमच्या बँडला एका मंडळाने बोलावले, 'तुमची गाणी शेवटी घेऊ' म्हणत रात्रभर चित्रपटगीतेच वाजवून घेतली आणि ठरलेली बिदागीही बुडवली. सिनेमा कलावंताचे काय करतो, हे मला कोणी शिकवू नये.

मिरजकर: मंडळाचा राग ददलानींवर कशासाठी? सांगलीच्या खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाला १९११ साली गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, म्हणून त्यांच्या पेटीचा मान उणावला नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्याच नाटकातले 'चंद्रिका ही जणू' ध्वनिमुद्रित केले, तरी मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ मोठमोठे गवई आजही हजेरी लावतात.

विश्रामबाग_गिटार: खाँसाहेबांना ओढून आणल्याशिवाय मिरजकरांचा एकही वाद पुरा होत नाही! खाँसाहेबांनी ते पद आपल्या गायकीत आणले. चित्रपटाचा संगीतकार निर्मात्याने डोळे वटारताच अंतरा कापतो. दोन्ही एकाच तागडीत कसे घालता?

मिरजकर: मी टेंब्यांचेही नाव घेतले होते, ते आपण सोयीने गाळलेत. नटाचा गळा, प्रवेशाची लांबी आणि 'वन्स मोअर'ची शक्यता पाहूनच नाटकाची चाल बांधली जात असे. मागणीनुसार केलेले काम हलके ठरवायचे असेल, तर निम्मे नाट्यसंगीत कृष्णेत सोडून या.

कृष्णाकाठ: नाट्यसंगीताचा वेगळा धागा काढावा, ही विनंती. मूळ मुद्दा एवढाच की, २००३च्या 'झंकार बीट्स' चित्रपटात या जोडीला वाव मिळाला तो बँडमधल्या तालमीमुळेच, असे माझे मत आहे.

विश्रामबाग_गिटार: बरे, गायक मेला नाही, असे समजू. २०११नंतर तो कुठे राहतो, तेवढा पत्ता मात्र द्या.