मदत हवी आहे: डायव्हिंगनंतर सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) नेमकी कधी करायची?

स्कूबा करून आल्यावर लगेच सीबीसी केली की माझं हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) दोन्ही जरा वर येतंय, नंतर आपोआप खाली. सिगरेट नाही, लोहाच्या गोळ्या नाहीत, उंचावर राहत नाही, डाइव्ह साध्या हवेवर, ३० मीटरच्या आतच. डॉक्टर म्हणाले काळजीचं नाही, पण डायव्हिंगचा त्यांना अनुभव नाही.

पाण्यात असताना लघवी जास्त होते, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) कमी होतो आणि रक्त घट्ट दिसतं हे माहितीये, म्हणून एकदा भरपूर पाणी पिऊन दुसऱ्या दिवशी टेस्ट केली तरी आकडा वरच. दुसरीकडे ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणजे ऑक्सिजनचा दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, तेव्हा किडनीने ईपीओ (लाल पेशी बनवायला लावणारं हार्मोन) कमीच करायला हवं ना? पण वर आल्यावर ऑक्सिजन एकदम उतरतो, तो शरीराला कमतरतेसारखा वाटून ईपीओ वाढतं असंही वाचलंय. आणि ईपीओ वाढलं तरी नव्या पेशी रक्तात यायला काही दिवस जातातच, त्यामुळे दुसऱ्याच दिवशीचा आकडा मला पटत नाही.

रक्तदानाआधी खरा बेसलाइन हवाय. शेवटच्या डाइव्हनंतर किती दिवस थांबून सीबीसी करू, आणि सोबत रेटिक्युलोसाइट (नव्या, कोवळ्या लाल पेशी) काउंट केला तर घट्ट रक्त की नवीन पेशी हे कळेल का?