अनुभव धागा: तुमचा लाडका बेसबॉलपटू कोण, आणि तो तुमचा कसा झाला?

क्लीव्हलंड, ओहायो

मंडळी, एरी सरोवरावरून बोचरं वारं सुटलं की मला मैदानाची फार आठवण येते. खुर्च्यांवर बर्फ साचलेला असतो आणि पुढचा सामना थेट मार्चच्या शेवटी. तोवर काय करायचं, म्हणून हा धागा काढतेय. सध्या खेळत असलेला तुमचा लाडका बेसबॉलपटू कोणता ते सांगा. संघ कुठलाही चालेल. पण नुसतं नाव नको आणि आकड्यांची जंत्रीही नको. तो तुमचा कधी झाला, कुठल्या प्रसंगाने, ते लिहा. ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांना जरा समजावूनही सांगा.

सुरुवात मीच करते. माझा लाडका होसे रामिरेझ, क्लीव्हलंड गार्डियन्सचा थर्ड बेसवरचा खेळाडू. (बेस म्हणजे धावणाऱ्याचे थांबे; फटका मारून ते एकेक गाठत फेरी पूर्ण केली की एक धाव.) उंची जेमतेम ५ फूट ९ इंच. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या बानी गावचा. १७ वर्षांचा असताना त्याला ५०,००० डॉलरवर करारबद्ध केलं होतं. तिकडच्या नावाजलेल्या पोरांना तेव्हाही लाखांनी डॉलर मिळत होते.

लग्न करून मी इथे आले तेव्हा ना ओळख ना पाळख. नवऱ्याला कामावरून दोन तिकिटं मिळाली म्हणून गेलो. आमची जागा तिसऱ्या बेसच्या अगदी मागे. रामिरेझने चेंडू उजवीकडे मारला. पहिल्या बेसवर सगळे थांबतात तसा तो थांबेल असं मला वाटलं, पण हा गडी थांबलाच नाही. डोक्यावरचं हेल्मेट उडून मागे पडलं, केस मोकळे, आणि दुसऱ्या बेसवर त्याने पोटावर सूर मारला. पुढच्याच फटक्यावर धावत तो आमच्यासमोर तिसऱ्या बेसवर आला. छातीपासून गुडघ्यापर्यंत तांबड्या मातीने माखलेला, पट्ट्यात अडकलेली माती बोटाने काढत होता. शेतातून घरी आलेला माझा मामा मला आठवला. त्या दिवसापासून तो आमचा.

आमचा संघ फार पैसेवाला नाही. चांगला खेळाडू तयार होतो आणि मोठ्या शहरात निघून जातो. २०२१ च्या जानेवारीत फ्रान्सिस्को लिंडोर न्यूयॉर्कला गेला तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वाटलं होतं. पुढच्याच वर्षी रामिरेझची पाळी, असं सगळे धरूनच चालले होते. आणि २०२२ च्या वसंतात याने ७ वर्षांचा १४१ दशलक्ष डॉलरचा करार केला. बाहेर याहून कितीतरी जास्त मिळाले असते. मी ऑफिसात बातमी वाचली आणि डोळे भरून आले. क्लीव्हलंडने शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम फेरी (सातपैकी चार सामने जिंकायचे), जिंकली ती १९४८ साली. एकदा तरी ती याच्या हातात बघायची आहे.

पुणे

मी ७१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. मुलगा कॅलिफोर्नियात असतो. त्याच्याकडे सहा महिने राहिले तेव्हा सूनबाईने हा खेळ शिकवला. आता ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज असली की पहाटे पाचला उठते, चहा टाकते आणि साडेपाचला टीव्हीपुढे बसते. तिकडे मुलगा-सून, इकडे मी, मध्ये फोन चालू.

माझा लाडका लॉस एंजेलिस डॉजर्सचा फ्रेडी फ्रीमन. तो दहा वर्षांचा असताना त्याची आई त्वचेच्या कर्करोगाने गेली. म्हणून कितीही ऊन असलं तरी हा लांब बाह्यांचा शर्ट घालून खेळतो. हे मला सुनेने सांगितलं त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. वर्गात आई नसलेली मुलं मी खूप पाहिली आहेत. त्यांच्या दप्तरात आईची एखादी वस्तू असायचीच.

२०२४ च्या वर्ल्ड सिरीजची पहिली लढत. आपल्याकडे शनिवार सकाळ. फ्रीमनचा घोटा दुखावलेला, धावताना लंगडत होता. दहावी इनिंग (म्हणजे दोन्ही संघांच्या फलंदाजीची एक फेरी), दोन जण बाद, तिन्ही बेसवर माणसं, आणि न्यूयॉर्क यँकीज ३-२ ने पुढे. त्यांनी नेस्टर कोर्टेस नावाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आणला, जो महिन्याहून जास्त काळ एकही सामना खेळला नव्हता. फ्रीमनने पहिलाच चेंडू उचलला. चेंडू स्टँडमध्ये पडायच्या आधीच याने बॅट वर धरली होती. अशा वेळी चार धावांचा होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारून वर्ल्ड सिरीजमधला सामना संपवणारा तो पहिलाच. पण मला लक्षात राहिलं ते त्याच्या पुढचं. फेरी पूर्ण केल्यावर सगळे त्याच्या अंगावर पडले, त्यातून सुटून तो धावत जाळीकडे गेला. जाळीपलीकडे त्याचे वडील उभे होते. लहानपणी रोज याला चेंडू टाकून सराव करून घेणारे तेच. जाळीतूनच दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले.

२०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना तर नेहमीच्या नऊऐवजी १८ इनिंग चालला. ६ तास ३९ मिनिटं! माझी पूजा राहिली, कुकर लावायचा राहिला, कामाच्या बाई येऊन गेल्या. दुपारी बारा वाजून गेल्यावर फ्रीमननेच होमरन मारून तो संपवला. त्या सामन्यात डॉजर्सचाच शोहेई ओतानी नऊ वेळा बेसवर पोहोचला, पण मला सांगायचंय ते विल क्लाइनबद्दल. डॉजर्सच्या बुलपेनमधला, म्हणजे राखीव पिचरांपैकी, हा शेवटचा उरलेला पोरगा. याचं नाव कुणी घेत नव्हतं. त्याने चार इनिंग एकही धाव न देता काढल्या, ७२ चेंडू टाकले. माझ्या मागच्या बाकावरच्या कितीतरी मुलांना त्या सकाळी मी आठवलं.

सिॲटल

पुण्याच्या काकू, काय सुंदर लिहिलंत. मी अमरावतीची. शाळेत आणि पुढे कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, कॅचर म्हणून, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी. त्यामुळे माझा लाडका दुसरा कोण असणार? सिॲटल मरिनर्सचा कॅचर कॅल रॅली.

कॅचरचं काम बाहेरून दिसत नाही. एका सामन्यात दीडशेच्या आसपास चेंडू, आणि प्रत्येक चेंडूला उकिडवं बसायचं. गुडघे भरून येतात. बॅटला निसटता लागलेला चेंडू तोंडावरच्या जाळीवर आपटतो तेव्हा कानात नुसता घंटानाद होतो. माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट अजून सरळ होत नाही. आणि हे सगळं सोसत पिचरला सांभाळायचं, पुढचा चेंडू कुठला ते ठरवायचं. वेगाने येणारा चेंडू मिटमध्ये, म्हणजे कॅचरच्या जाड हातमोज्यात, घेताना मनगट किंचित वळवून तो असा थांबवायचा की पंचाला तो स्ट्राइकच, म्हणजे बॅटरच्या टप्प्यात आलेला चेंडूच, वाटावा. रॅली हे इतक्या शांतपणे करतो की टीव्हीवर कळतही नाही. मी मैदानात खालच्या रांगेत बसून नऊ इनिंग फक्त त्याचं मिट बघितलं आहे. २०२४ मध्ये त्याला उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या अमरावतीच्या जुन्या टीमच्या ग्रुपवर मी पेढ्यांचे फोटो टाकले.

एवढं करून कॅचरने फलंदाजी बरी केली तरी लोक खूश असतात. याने २०२५ मध्ये ६० होमरन मारले! त्याआधी कॅचरचा विक्रम ४८ चा होता, साल्वादोर पेरेझचा. लीगच्या इतिहासात एका हंगामात साठचा टप्पा गाठणारा हा सातवा माणूस. ५९वा आणि ६०वा एकाच रात्री, २४ सप्टेंबरला, आणि त्याच रात्री मरिनर्सनी २००१ नंतर पहिल्यांदा आपला विभाग जिंकला. आम्ही स्टेडियममध्ये होतो. माझ्या शेजारी एक आजोबा टोपी छातीशी धरून नुसते उभे होते.

त्याच वर्षी जुलैमध्ये होमरन डर्बीत, म्हणजे नुसते होमरन मारायच्या स्पर्धेत, त्याला चेंडू टाकायला त्याचे वडील होते आणि मागे कॅचर म्हणून १५ वर्षांचा धाकटा भाऊ. तिथेही तोच जिंकला. घरच्या अंगणात खेळावं तसं ते तिघं खेळले.

मग वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीत टोरांटोविरुद्ध, त्यांच्याच मैदानात, सातवा आणि शेवटचा सामना. रॅलीने होमरन मारला होता, आम्ही ३-१ ने पुढे होतो, आणि सातव्या इनिंगमध्ये त्यांच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला. ४-३. वर्ल्ड सिरीजपर्यंत कधीच न पोहोचलेला लीगमधला एकमेव संघ आमचा. त्या रात्री मी जेवले नाही.

मिसिसागा, कॅनडा

सिॲटलच्या ताई, तो सामना मी मैदानात बसून पाहिला. तुमचं दुःख समजू शकतो, कारण बाराच दिवसांनी वर्ल्ड सिरीजमध्ये डॉजर्ससमोर आमच्या टोरांटो ब्लू जेजवर तीच वेळ आली.

इथे सगळे व्लादिमीर गेरेरो ज्युनियरचे भक्त आहेत आणि ते बरोबरच आहे. वडील मॉन्ट्रियलकडून खेळायचे, हा तिथेच जन्मला, आणि २०२५ मध्ये त्याने १४ वर्षांसाठी टोरांटोतच राहायचं ठरवलं. पण माझा लाडका एर्नी क्लेमंट. क्लीव्हलंडच्या मॅडम, तुमच्याच संघाने सोडलेला! नंतर ओकलंडनेही सोडला. २०२५ च्या प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) याने ३० हिट, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, मारले, एका प्लेऑफमध्ये इतके कुणीच मारले नव्हते. मी दोनदा नोकरीवरून कमी केलेला माणूस आहे. दुसऱ्यांदा तर मुलगी नुकतीच झाली होती. क्लेमंट बॅट घेऊन यायचा तेव्हा मी उभाच राहायचो. वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात अकराव्या इनिंगनंतर आम्ही हरलो. मुलगी विचारत होती, बाबा आता एर्नी कुठे जाणार? मी म्हटलं, कुठेही नाही, आपल्याकडेच राहणार.

एडिसन, न्यू जर्सी

मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. आमची लेक आम्ही दत्तक घेतली आहे, ती दहा महिन्यांची असताना. तिच्यापासून काही लपवायचं नाही हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं. पण शाळेत मुलं विचारतात, तू आईसारखी का दिसत नाहीस? एकदा ती घरी येऊन दार लावून बसली.

नवरा यँकीजचा वेडा. त्याने तिला ॲरन जजचं सांगितलं. ६ फूट ७ इंचांचा हा माणूस, जन्मल्यावर लगेच त्याला कॅलिफोर्नियातल्या लिंडेन गावच्या दोन शिक्षकांनी दत्तक घेतलं. आपण आईबाबांसारखे दिसत नाही हे त्यालाही लहानपणी जाणवलं होतं आणि त्यानेही विचारलं होतं. लेक ऐकत राहिली. मग म्हणाली, मला त्याची मॅच दाखवा.

२०२२ च्या सप्टेंबरात तो रॉजर मॅरिसच्या ६१ होमरनच्या जवळ आला, जो अमेरिकन लीगचा, म्हणजे मोठ्या लीगमधल्या दोनपैकी एका गटाचा, विक्रम १९६१ पासून टिकून होता. आम्ही रोज रात्री तिला जागू दिलं. ६१वा टोरांटोत झाला. त्याची आई स्टँडमध्ये होती, आणि तो चेंडू परत मिळाल्यावर याने तो आईच्याच हातात दिला. लेकीने तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल याला गणती नाही. पुढच्या आठवड्यात टेक्सासमध्ये ६२वा झाला.

आता ती तेरा वर्षांची आहे. खोलीच्या दारावर जजचा ९९ नंबर. गेल्या वर्षी शाळेत तिने स्वतःवर एक छोटं भाषण केलं आणि त्यात दत्तक हा शब्द तिने स्वतःहून वापरला. मी मागे उभी होते.

पिट्सबर्ग

वरचं वाचून थोडा वेळ काहीच लिहिता येईना.

आमचा संघ, पिट्सबर्ग पायरेट्स, हरतो. तरी जो आमच्या पिचरला, पॉल स्कीन्सला पाहायला जातो त्याला हे आधीच माहीत असतं. तो खेळणार त्या दिवशी क्लेमेंटे पुलावरून मैदानाकडे चालत जाणाऱ्या लोकांची पावलंच वेगळी पडतात. २०२५ मध्ये त्याने दर नऊ इनिंगमागे सरासरी दोनपेक्षाही कमी धावा दिल्या, १.९७, आणि तरी त्याच्या नावावर १० विजय, १० पराभव. कारण आमचे बॅटर धावाच करत नव्हते. त्याने एकदाही तोंड वाकडं केलेलं मी पाहिलं नाही. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने त्याला मिळाला. त्याचा एक चेंडू शंभर मैलांच्या आसपासच्या वेगाने सरळ येतो, आणि दुसरा तसाच दिसत येऊन शेवटच्या क्षणी खाली कोसळतो. बॅटर बॅट फिरवून मोकळा झालेला असतो.

या संघाशी माझं नातं मात्र जुनं आहे. २००८ मध्ये पायरेट्सनी उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं होतं. मी तेव्हा सांगलीत शिकत होतो, पेपरात ती बातमी वाचून पिट्सबर्ग हे नाव पहिल्यांदा कळलं. दोघं मोठ्या लीगपर्यंत पोहोचले नाहीत. पण डॉजर्सचा पिचर योशिनोबु यामामोतो सरावात भालाफेकीसारखी फेक करतो असं कळलं तेव्हा मला त्या दोघांची आठवण झाली. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकून दुसऱ्याच रात्री सातवा सामना जिंकून देणारा तो यामामोतो. उंची ५ फूट १०.

जळगाव

मी मुलींना सॉफ्टबॉल शिकवतो. मला सामने थेट बघायला जमत नाहीत, रात्री मोबाइलवर तुकडे बघतो. माझा लाडका व्हेनेझुएलाचा लुईस अराएझ. २०२२, २०२३, २०२४ अशी सलग तीन वर्षं, तीन वेगवेगळ्या संघांकडून फलंदाजीच्या सरासरीत पहिला. २०२५ मध्ये सहाशेहून जास्त वेळा फलंदाजीला येऊन तो फक्त २१ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला. जोर लावत नाही. चेंडू शेवटपर्यंत बघतो आणि रिकाम्या जागेत ढकलतो.

माझ्या मुली मोठा फटका मारायच्या नादात हवेत बॅट फिरवतात. मग मी झाडाला दोरीने टेनिसचा चेंडू बांधतो आणि अराएझचा एक व्हिडिओ दाखवतो, फक्त डोकं बघा म्हणतो. फटका मारताना त्याचं डोकं जागचं हलत नाही. एका मुलीने आता ते बरोब्बर उचललंय. अमरावतीच्या ताई, आमच्याकडे कॅचरचं मिट एकच आहे आणि तेही उसवलंय. जुनं टिकवायला काय लावावं, तेवढं सांगाल का?

सिॲटल

सर, आधी जाड मेणदोऱ्याने चांभाराकडून शिवून घ्या, मशीनची शिलाई टिकत नाही. तेल अगदी बोटभर, तळव्याच्या खोबणीतच. जास्त लावलं तर चामडं मऊ पडतं आणि हाताला मार बसतो. मी जूनमध्ये अमरावतीला येतेय. माझ्याकडे दोन मिट आहेत, घेऊन येते.