आरएक्स-८ ला मिडपाइप (एक्झॉस्टचा मधला पाइप) कुठला टाकू? मदत हवी आहे
मंडळी, ह्यूस्टनला असतो, २००५ ची माझदा आरएक्स-८ आहे, मॅन्युअल. इग्निशन कॉइल कमजोर होत्या, न जळलेलं पेट्रोल जाऊन जाऊन कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) चोंदला, परवा रात्री खाली वाकून बघितलं तर निखाऱ्यासारखा लाल! कॉइल, प्लग बदललेत, आता कॅटचं ठरवायचंय. मित्र म्हणतो सरळ कॅट काढून त्याजागी रेझोनेटरवाला (आवाज थोडा दाबणारा डबा असलेला) मिडपाइप टाक, पण हिचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरणारे रोटर असलेलं) आधीच कर्कश, त्यात पेट्रोलचा वास, शिवाय कॅट काढणं इथे कायद्यात बसत नाही आणि दरवर्षी एमिशन टेस्ट आहेच. हाय-फ्लो कॅटवाला (धूर कमी अडवणाऱ्या कॅटचा) मिडपाइप कोणी लावलाय का, रोटरीच्या उष्णतेत किती टिकला? कॅटच्या मागच्या ओटू सेन्सरमुळे (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) चेक इंजिनचा लाइट लागतो का? आणि हायवेला गाडीत आवाज घुमतो का ते नक्की सांगा, बायको आत्ताच म्हणते ही गाडी आहे की फटाक्यांची माळ.