एमडी (पीएसएम) नंतर आरोग्य आणि मानवी हक्क हा विषय शिकवायचा तर?

कापूसवाट:
नमस्कार. मी यवतमाळकडची. नुकतीच पीएसएममध्ये (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, म्हणजे समाजाच्या आरोग्याचं शास्त्र) एमडी झाले, एका शासकीय मेडिकल कॉलेजात एसआर (सीनियर रेसिडेंट) आहे. इंटर्नशिपला पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) असताना बाळंतपणाला आलेल्या एका बाईला तीन ठिकाणी फिरवलेलं पाहिलं. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत बाळ गेलं होतं. मृत्यूचं कारण लिहिलं गेलं, त्यात या फिरवाफिरवीचा उल्लेख नव्हता. तेव्हापासून हाच विषय शिकवायचा, यातच संशोधन करायचं असं मनात आहे. पण जाहिरातीत असं पद कधी दिसत नाही. विभागात राहून जमतं का? की एलएलबी करू, की बाहेरदेशी जाऊ?

मधुमालती:
विभागातच राहा. मी २१ वर्षं पीएसएम शिकवते आहे. माझ्या नेमणुकीच्या ऑर्डरवर आजही ‘कम्युनिटी मेडिसिन’ (पीएसएमचंच दुसरं नाव) एवढंच लिहिलेलं आहे, मानवी हक्क मी त्यातूनच शिकवते.

एमबीबीएसला फॉरेन्सिकमध्ये मी ‘टू फिंगर टेस्ट’ पाठ केली होती, म्हणजे बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईच्या योनीत दोन बोटं घालून तिला ‘संबंधांची सवय’ आहे का ते ठरवण्याची तपासणी. व्हायवात धडधड सांगितली, मार्क मिळाले. २०१० मध्ये सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी त्या तपासणीविरुद्ध अहवाल तयार केला. तो वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या बाईवर अत्याचार झाला तिचीच पुन्हा विटंबना करायला मी शिकले होते, आणि कुणी मला थांबवलं नव्हतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तपासणी खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग ठरवली, २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. तरी २०२२ मध्ये न्यायालयाला तेच पुन्हा सांगावं लागलं, अभ्यासक्रम तपासा म्हणून बजावावं लागलं. मधल्या नऊ वर्षांत काय अडलं, हाच माझ्या संशोधनाचा विषय झाला. एका कॅज्युअल्टीत जुन्या फॉर्मची झेरॉक्सवर झेरॉक्स चालू होती, त्या तपासणीचा रकाना तसाच. फॉर्म चार महिन्यांत बदलला. रात्रपाळीच्या सीएमओंशी (कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांशी) बसून बोलण्यात दोन वर्षं गेली.

वर्गात मी जाहीरनामे वाचून दाखवत नाही. हकीम शेखची केस देते. बंगालमधला शेतमजूर, ८ जुलै १९९२ ला मथुरापूर स्टेशनवर रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार. एकामागून एक सरकारी दवाखाने: इथे सोय नाही, तिथे खाट नाही. शेवटी खासगीत सुमारे १७ हजार रुपये भरले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग मानला आणि २५ हजारांची भरपाई दिली. मी एकेका गटाला एकेक दवाखाना वाटून देते. तुम्ही त्या रात्री ड्युटीवर आहात, ‘खाट नाही’ म्हणण्याआधी काय करता आलं असतं? आधी मुलं चिडतात, आम्ही काय खाट विणायची का म्हणतात. मग कुणीतरी म्हणतं, पाठवण्याआधी पुढच्या दवाखान्यात खाट आहे का ते तरी कळायला हवं होतं. मग मी निकाल वाचायला देते. त्यात खाटांची माहिती एका जागी मिळावी ही सूचना आहे, पैसा नाही ही सबब राज्याला चालणार नाही हेही आहे. आपल्याला सुचलेलं निकालपत्रात दिसलं की पोरं सरसावून बसतात.

एलएलबीची गरज नाही, निकाल मात्र मुळातून वाचा, बातमीवरून नको. बाहेरचं म्हणाल तर डॉ. जोनाथन मान यांनी उभं केलेलं हार्वर्ड विद्यापीठाचं आरोग्य आणि मानवी हक्क केंद्र १९९३ चं. तिथलं जर्नल सगळ्यांना मोफत आहे, घरबसल्या वाचता येतं.

खाडीकाठ:
मधुमालतीताईंचं पटतं, पण काही काळ तरी कॉलेजबाहेर काम करा. मी मुंबईत हिंसाचारग्रस्त बायकांच्या समुपदेशनात होते. ‘सेहत’ ही संशोधन संस्था आणि महापालिका यांनी २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात अशा बायकांसाठी ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केलं, ते नीट समजून घ्या. भाजलेली बाई ‘स्टो फुटला’ म्हणते तेव्हा डॉक्टरने पुढे काय विचारायचं, हे तिथे शिकता येतं. पुस्तकात मला ते सापडलं नव्हतं.

कापूसवाट:
दोघींचे आभार. एक भीती आहे. प्रमोशनला पेपर लागतात. असल्या विषयावर लिहिलं तर धरतील का? आणि एचओडी रेकॉर्ड देतील का?

मधुमालती:
लेख, टिपणं धरत नाहीत. मान्य इंडेक्समधल्या (मान्यताप्राप्त सूचीत नोंदलेल्या) जर्नलात मूळ संशोधन आलं तर धरतात, विषय कुठलाही असो. म्हणून हाती आकडे हवेत. तुमच्या त्या बाईची गोष्टच अभ्यास आहे: एका वर्षाचं रेफरलचं, म्हणजे पुढच्या दवाखान्यात पाठवलेल्या रुग्णांचं रजिस्टर. एथिक्स कमिटीकडे रीतसर जा, नावं काढून टाका. पहिल्या प्रस्तावाच्या शीर्षकात ‘हक्कभंग’ लिहू नका, ‘प्रसूतीच्या रेफरलमधला विलंब’ लिहा. यात मागे हटणं नाही, आधी रजिस्टर हाती यायला हवं. निष्कर्षात मात्र शब्द गिळायचे नाहीत.

रजिस्टर मिळालं की ‘पाठवल्याची वेळ’ हा रकाना आधी बघा. मी पाहिलेल्या बहुतेक रजिस्टरांत तो कोराच होता. किती कोरे आहेत ते मोजून मला कळवा.