हब मोटर की मिड-ड्राइव्ह: मुंबईपुरतं बोलायचं तर

ई-सायकलची मोटर दोन जागी असते: चाकाच्या मधोमध असली तर हब मोटर, पॅडलपाशी असली तर मिड-ड्राइव्ह. काही जण म्हणतात की मिड-ड्राइव्ह हीच खरी ई-सायकल, हब मोटर म्हणजे नुसती स्वस्तातली सोय. चढापुरतं हे मला मान्य आहे. मिड-ड्राइव्हचा जोर चेनमधून जातो, त्यामुळे गिअर हलका केला की मोटरलाही चढ सोपा होतो. वाळकेश्वरहून हँगिंग गार्डनकडे चढताना माझी २५० वॅटची मागची हब मोटर अक्षरशः कण्हते, वर पोचेपर्यंत चांगली तापते.

पण रोज मलबार हिल कोण चढतंय? गिरगाव ते परळ सगळा सपाट रस्ता. आणि मिड-ड्राइव्हमध्ये मोटरचा सगळा भार चेन आणि दातेरी चक्रांवर येतो, त्यात आपला पावसाळी चिखल. गेल्या जुलैत भर पावसात लालबागच्या पुलाखाली माझी चेन तुटली. हब मोटरला चेनशी काही देणंघेणं नसतं, थ्रॉटलवर, म्हणजे पॅडल न मारता हँडलवरूनच मोटर चालवत, थेट घरी आलो. मिड-ड्राइव्ह असती तर ढकलत यावं लागलं असतं.

हबचं खरं दुखणं पंक्चर. वायर दिसली की पंक्चरवाला हातच लावत नाही. म्हणून घेताना एवढं बघाच: मोटरच्या वायरला आसाजवळ सुटणारा कनेक्टर आहे का? माझ्या सायकलला आहे, १८ नंबरचा पाना पिशवीत असतो, चाक मीच काढून देतो.

आणि हो, जमल्यास टॉर्क सेन्सरवाली घ्या, म्हणजे पॅडलवर पायाचा जोर किती पडतोय ते मोजून तेवढीच मदत देणारी. नुसतं पॅडल फिरतंय एवढंच ओळखणारा सेन्सर बेस्टच्या बसमागे हळू सरकताना एकदम धक्का देतो, ते धोक्याचं आहे.