सही करण्याआधी मॅन्युअलमधला तक्ता बघा

प्रीपेड मेंटेनन्स प्लॅन, म्हणजे पुढच्या काही वर्षांच्या सर्व्हिसिंगचे पैसे आधीच भरायची योजना, घेतला की गाडीच्या खर्चाची काळजी मिटते, असं म्हणतात; या मताशी मी अर्धाच सहमत आहे. बहुतेक बेसिक प्लॅनमध्ये इंजिन ऑइल, फिल्टर आणि ठरलेल्या तपासण्यांची मजुरी एवढंच येतं. ब्रेक पॅड, क्लच, वायपर, बॅटरी, टायर हे झिजणारे भाग सहसा बाहेर राहतात, आणि गाडी जुनी होत जाते तसा खिसा रिकामा करतात ते हेच.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं याचा तक्ता असतो. प्लॅनच्या मुदतीत त्यातली नेमकी कोणती कामं बसतात ते बघा. त्याच सर्व्हिस सेंटरकडून प्रत्येक कामाचा सुटा दर घ्या, बेरीज करा आणि ती प्लॅनच्या किमतीशी ताडून बघा. सुरुवातीच्या मोफत सर्व्हिसची मजुरी वजा करायला विसरू नका, ती तशीही द्यावी लागणार नव्हती! स्पार्क प्लग, कूलंट अशी मोठी कामं प्लॅन संपल्यानंतर येत असतील तर फायदा आणखी घटतो.

रनिंग जास्त असेल तर किलोमीटरची मर्यादा मुदतीच्या आधीच संपते, हेही धरा. आणि कृपया प्लॅनची रक्कम कारलोनमध्ये घालू नका, तिच्यावर वर्षानुवर्षं व्याज जातं.

पुढच्या दरवाढीपासून संरक्षण मिळतं, हा मात्र खरा फायदा. गाडी विकली तर प्लॅन नव्या मालकाच्या नावे होतो का, तेवढं लेखी घ्या.